खुडूक उठेपर्यंत

आमच्या गल्लीत कुणाची कोंबडी खुडूक झाली की ती काखोटीला मारून माझ्या वहिनीकडे आणायची, हे ठरलेलं होतं. न्हाव्याची आई आणायची, बेकरीवाला आणायचा, आणि एकदा तर कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंनी मोटारीतून पाठवली होती, मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून. वहिनी पोटाखाली हात घालून बघायची. कोंबडी फुगून खुर्रर्र करायची. मग वहिनी म्हणायची, "हं, चांगलीच बसलीय हिच्या डोक्यात. चार दिवसांनी न्या."

खुडूक म्हणजे काय ते ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कोंबडीच्या मनात येतं की आता उबवायचं. खाली अंडी असोत नसोत, ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठाण मांडते. अंडी द्यायची बंद, खाणंपिणं नावाला, छातीची पिसं उपटून टाकते, आणि कुणी जवळ गेलं की टोचते. लोक अशा कोंबडीला पाण्यात काय बुडवतात, पाय काय बांधून ठेवतात. वहिनीला त्याचा संताप यायचा. तिच्याकडे एक लाकडी खोका होता. त्याचा तळ काढून तिथे जुन्या टेबलफॅनची जाळी बसवलेली, आणि खोका मागच्या पडवीत हुकाला टांगलेला. आत गवत नाही, आडोसा नाही. दाणापाणी मात्र भरपूर. खालून पोटाला वारा लागत राहायचा, आणि चार दिवसांत कोंबडी सगळं विसरून इतरांसारखी माती उकरायला लागायची. "रागावायचं नाही, मारायचं नाही," वहिनी म्हणायची. "पोट गार करायचं. हट्ट तिथे असतो."

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा आई जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि वडील त्याच्याही आधी गेलेले. घरात आम्ही तिघं भावंडं. दादा कारखान्यात वजनकाट्यावर होता. स्वभावाने इतका गरीब की त्याला फसवताना त्या काट्यालासुद्धा लाज वाटली असती. मी शाळेत, आणि सगळ्यांत धाकटा बाळ्या, अंगाने काडी, नाक कायम गळतं. नवी नवरी घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात हा उशी घेऊन तिच्या पायांशी येऊन झोपला. दादाची काय पंचाईत झाली असेल ती त्याची त्याला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, ह्याला रोज एक अंडं द्या. रोज विकत आणणं कुठलं झेपायला! म्हणून वहिनीने कोंबड्या आणल्या. वहिनीला स्वतःचं मूल झालं नाही. ह्या विषयावर आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. बाळ्या आहेच की, असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि वहिनीनेही.

त्या अंड्यांवर बाळ्या दांडगा झाला. गाड्या रंगवायच्या कारखान्यात लागला, रात्रपाळ्या करायला लागला, मग त्याचं लग्न झालं. धाकटी वाईट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मला ती आवडत नाही. तिला वेगळी चूल हवी होती, ती वहिनीने हसत दिली. घराचे मधून दोन भाग झाले. मागचं अंगण मात्र एकच राहिलं: एक नळ, एक कपड्यांची दोरी, आणि मधोमध कोंबड्यांचं खुराडं. मी समोरच्या गल्लीत दिलेली, घरी शिवणकाम करते, त्यामुळे माहेर सुटलं असं माझं कधी झालंच नाही. माझं नाक तिथे रोज खुपसलेलं असायचं, हे माझं मीच म्हणते, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायला नको.

आणि मग ते अंड्याचं झालं. एक कोंबडी धाकटीच्या खोलीत शिरली आणि इस्त्री केलेल्या कपड्यांच्या ढिगावर अंडं घालून आली. धाकटीने कपडे परत धुतले आणि अंडं तळून खाल्लं. मला विचाराल तर हिशेब तिथेच मिटला. पण आमचा दादा! जन्मात त्याला विनोद जमला नाही, आणि त्या दिवशी त्याला नेमकी हुक्की आली. अंगणात उभा राहून म्हणतो कसा, "काय गं, आमचं अंडं पचवलंस ना?" झालं. धाकटी आत गेली ती रडत. बाळ्या झोपेतून उठला, त्याने ते ऐकलं, आणि राईचा पर्वत व्हायला दुपार पुरली. 'आमचं अंडं' म्हणजे काय? अंगण कुणाचं? तिने दोरीवर कपडे वाळत घालायचे आणि खाली तुमच्या कोंबड्यांनी घाण करायची? दादा हात जोडून म्हणाला, अरे मी गंमत केली. पण गंमत सुचायला लागतं त्याहून जास्त डोकं ती निस्तरायला लागतं, आणि ते दादाकडे कुठलं?

आठवड्याने बाळ्या गवंड्याला घेऊन अंगणात आला. पडवीच्या पायरीपासून मागच्या कुंपणापर्यंत भिंत घालायची. दोघांची अंगणं वेगळी, नळ दादाच्या बाजूला, बाळ्या आपला नवा घेईल. वहिनीच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या भिंतीवरच उघडणार होती. वहिनीने उजेडाबद्दल एक शब्द काढला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की रात्रपाळीहून आलेला पोरगा मागच्या दाराने आत येतो, तिच्या खिडकीशी थांबून "वहिनी, चहा" म्हणतो, आणि मग आपल्या घरात जातो. लग्नानंतरही हे चुकलं नव्हतं. भिंत झाली की तो कुठून येणार?

गवंड्याने दोरी धरली, ती बरोबर खुराड्यावरून गेली. "हे हलवा," तो म्हणाला. खुराड्यात वहिनीची ठिपक्यांची कोंबडी दोन दिवसांपासून खुडूक होऊन बसली होती, आणि वहिनी तिला टांगायच्या तयारीत खोका धुवत होती. तिने खोका खाली ठेवला.

"हलवता येणार नाही," ती म्हणाली. "अंड्यांवर बसवलीय. जागा हलली तर उठेल, आणि अंडी वाया जातील."

बाळ्या खुराड्याकडे बघत राहिला. "मग?"

"पिल्लं निघू देत. मग घाल भिंत."

"मग काही बोलायचं नाही हं, वहिनी. पिल्लं निघाली की भिंत."

"नाही बोलणार."

गवंडी दोरी गुंडाळून गेला. वाळू तेवढी गल्लीत टाकून गेला.

मी संध्याकाळी गेले तर वहिनी ठिपकीच्या पोटाखाली एकेक अंडं सरकवत होती. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत तिने गल्लीतली एक कोंबडी खुडूक राहू दिली नव्हती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं वहिनी, पण कोंबडा कुठाय?"

"हळू बोल," ती म्हणाली.

कोंबडा नव्हताच. दोन वर्षांपूर्वी होता, तुरेवाला, देखणा. तो बाळ्याच्या खिडकीखाली आरवायचा आणि रात्रपाळीहून आलेल्या बाळ्याची झोप मोडायची. एका सकाळी बाळ्यानेच त्याला पोत्यात घातलं आणि सायकलला अडकवून बाजारात विकून आला. वहिनी तेव्हा पडवीत बसून रडली होती, आणि दादाने तिला कोंबड्याच्या जागी गजराचं घड्याळ आणून दिलं होतं. असा तो दादा. सांगायचं एवढंच, की त्या अंगणात तेव्हापासून पिल्लू निघणं शक्य नव्हतं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे झाकायलासुद्धा कोंबडं नव्हतं.

"त्याच्या लक्षात आलं तर?" मी विचारलं.

"येऊ दे की," वहिनी म्हणाली. "तो पण एक प्रकारचा खुडूकच झालाय. जरा दिवस जाऊ देत, वारा लागू दे. डोकं गार होईल."

मला हसू आलं. पण तिचं काही चुकलेलं नव्हतं. आमचा बाळ्या रागाने पेटतो लवकर आणि विझतोही लवकर. लहानपणी घर सोडून जातो म्हणून निघायचा आणि कोपऱ्यावरून भूक लागली म्हणून परत यायचा.

पहिले काही दिवस वहिनी धास्तावलेली होती. मग एका सकाळी बाळ्या पाळीवरून आला, खिडकीशी न थांबता सरळ खुराड्याशी गेला आणि उकिडवा बसला. वहिनी आतून बघत होती. तो बराच वेळ बसला. उठताना म्हणाला, "किती ठेवलीस?"

"नऊ."

"बरी बसलीय," तो म्हणाला आणि आत गेला.

हे मला सांगताना वहिनीचा चेहरा असा उजळला होता की मला भीतीच वाटली. "त्याला ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "कोंबडा त्यानेच विकला, तो विसरेल? खुराड्यात वाढलेला पोरगा. त्याला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो गप्प आहे. म्हणजे काय? म्हणजे त्यालाही भिंत नको आहे. बायकोसमोर बोलून बसलाय, आता मागे कसं यायचं कळत नाही. म्हणून माझं खोटं चालवून घेतोय."

मी म्हटलं, असेलही. मनातून मला पटलं नव्हतं. पण वहिनीबरोबर रोज बसून रोज तेच ऐकलं की माणूस हळूहळू विश्वास ठेवायला लागतो. आठवड्याने मीही घरी नवऱ्याला सांगायला लागले की भिंतबिंत काही होत नाही.

ह्या सगळ्याची किंमत ठिपकी मोजत होती. अंडी खाली ठेवून ठेवून सडतात आणि फुटली तर अंगणभर घाण वास सुटतो, म्हणून वहिनी इतर कोंबड्यांची ताजी अंडी आत सरकवायची आणि जुनी काढून परसात पुरायची. ठिपकीला काय कळणार! ती बापडी इमानेइतबारे बसून. तुरा पांढरट पडला, छाती उघडी पडली, उचललं की हाताला हाडं लागायची. वहिनी रोज तिला बळेच बाहेर काढून हातावर दाणे घ्यायची आणि पुटपुटायची, "थोडं थांब गं बाई, थोडंच." जिने दुसऱ्यांच्या कोंबड्या उपाशी बसू दिल्या नाहीत, तिच्यावर ही वेळ आली होती. मी एकदा म्हटलं, "मरेल ती." वहिनी चिडली. माझ्यावर ती आयुष्यात दोनदा चिडली असेल, त्यातली ही एक.

तीन आठवडे उलटले. कोंबडीची पिल्लं तेवढ्या वेळात निघतात, हे धाकटीलासुद्धा ठाऊक होतं. दोरीवर कपडे घालताना तिने विचारलं, "जाऊबाई, निघाली का हो पिल्लं?"

"थंडी आहे ना," वहिनी म्हणाली. "उशीर लागतो."

बाळ्या तिथेच तोंड धूत होता, आणि मी पडवीत होते. त्याने टॉवेलाने तोंड पुसलं आणि काही बोलला नाही. वहिनीने मला मागाहून खिडकीतून जवळजवळ ओढूनच घेतलं. "बघितलंस? तोंडातून चकार शब्द नाही! सांगितलं नव्हतं मी?" दुसऱ्या दिवशी बाळ्या खिडकीशी थांबला आणि चहा प्यायला. मग तर वहिनीला अंगण ठेंगणं झालं. गल्लीतल्या वाळूवर मांजरं घाण करतात, ती कुणाला तरी देऊन टाकायला हवी, असंही ती म्हणून गेली.

त्यानंतरच्या सोमवारी दादा बनियनवर धावत माझ्या दारात आला. "चल, चल! पिल्लं निघाली!"

माझ्या हाताखाली शर्टाची बाही होती, ती मशीनमध्ये तशीच राहिली.

खुराड्याशी गल्लीतली चार पोरं जमली होती. ठिपकी पंख पसरून बसलेली, आणि तिच्या पिसांतून पिवळी डोकी बाहेर येत होती. सगळी एका रंगाची, एका मापाची, कोरडी आणि गुबगुबीत. ठिपक्यांच्या कोंबडीला अशी साच्यातून काढल्यासारखी पिवळी पिल्लं होत नाहीत. घरट्यात कवचाचा एक तुकडा नव्हता.

"टरफलं कुठायत?" मी दादाला विचारलं.

"खाल्ली असतील तिने," दादा म्हणाला. त्याचे डोळे आनंदाने भरून आले होते. कोंबड्याची आठवण त्याला तेव्हाही आली नाही. देवाने काही माणसांना भोळेपणा इतका भरून दिलेला असतो की त्यांच्यावर रागावताही येत नाही. मी तरी रागावले.

वहिनी पडवीच्या पायरीवर बसली होती. बाळ्या अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून उभा होता, आणि त्याच्या मागे गवंडी. त्याच वेळी गल्लीत विटांचा टेम्पो लागत होता.

"वहिनी, निघाली पिल्लं," बाळ्या म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल, अगं बोल! पण ती काय बोलणार? ही पिल्लं खोटी म्हणायचं, तर अंडी खोटी होती हे आधी सांगायला हवं. सगळ्या गल्लीसमोर, गवंड्यासमोर, धाकटीसमोर.

"हो," ती म्हणाली. "निघाली."

"मग घालू ना भिंत?"

"घाल."

खुडूक कोंबडीच्या बाबतीत ही युक्ती जुनी आहे. अंधार पडला की तिच्या खालची अंडी हळूच काढून घ्यायची आणि हॅचरीतून आणलेली एका दिवसाची पिल्लं तिथे सरकवायची. सकाळी उजाडलं की कोंबडीला वाटतं, आपलीच. मग ती त्यांच्यासाठी मांजराच्याही अंगावर जाते. एका वर्षी रोगाने आमचं खुराडं रिकामं झालं होतं तेव्हा वहिनीने असंच केलं होतं, आणि ते शिकायला बाळ्या तिच्याजवळ बसला होता. गुरूची विद्या गुरूला फळली, दुसरं काय.

मी सरळ त्याच्या स्वयंपाकघरात गेले. धाकटी चुलीशी होती. माझा अवतार बघून ती भांडं घेऊन बाहेर निघून गेली.

"लाज नाही वाटली तुला?" मी म्हटलं.

"मी काय केलं?" तो म्हणाला. "तिने मला फसवलं, ताई. कोंबडा मीच विकला होता ना? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग त्याच दिवशी का नाही बोललास?"

"गवंड्यासमोर तिला खोटं पाडू?" बाळ्याला खरंच राग आला होता. "मान राखला मी तिचा. आणि विटा तशाही महिनाभर मिळत नव्हत्या. म्हटलं, तिचं समाधान होतंय तर होऊ दे. पिल्लंसुद्धा साधी नाही आणली, चांगल्या ठिकाणची आणली."

आणि त्याला हे मनापासून वाटत होतं. तो खोटं बोलत असता तर मी त्याच्या कानशिलात लगावली असती. पण समोरच्याला आपण फार चांगलं वागलो असं वाटत असेल तर त्याला मारून काय उपयोग? मी बाहेर आले.

दुपारपर्यंत भिंत गुडघ्याएवढी झाली. खुराडं वहिनीच्या बाजूला सरकवलं होतं. दादा गवंड्याला सिमेंटसाठी बादलीने पाणी देत होता, स्वतःच्या नळाचं, आणि गवंडी त्याला 'काका, जरा जास्त' म्हणत होता. ठिपकी पहिल्यांदाच बाहेर पडली होती. हाडकुळी, छाती उघडी, पण काय तिचा तोरा! पिल्लांना बोलावून बोलावून माती उकरून दाखवत होती.

मी वहिनीजवळ पायरीवर बसले. विटांचं मी तिला सांगितलं नाही. माझं तोंड फाटकं आहे हे सगळी गल्ली सांगेल, पण तेवढं मी गिळलं. तिने तीन आठवडे मिळवले होते अशी तिची समजूत होती, तेवढी तरी राहू दे म्हटलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुझ्या खिडकीसमोर खुराडं होतं. नऊ अंडी काढली, पिल्लं घातली, आणि ही भवानी ओरडली कशी नाही? तुला जाग तरी यायची."

"कशाला ओरडेल?" वहिनी म्हणाली. "गार हात लागला की कोंबडी दचकते. त्याने आधी हात चोळून गरम करून घेतले असतील. लहान होता तेव्हा मी त्याचे दोन्ही हात माझ्या काखेत धरून गरम केले होते, मग म्हटलं होतं, आता घाल." ती ठिपकीकडे वळली. "बघ ना, इतक्या वर्षांनी विसरला नाही पोरगा."

तिच्या आवाजात कौतुक होतं. मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि घरी येऊन मशीनवर बसले.